आगोटीचे दिवस, टीव्ही आणि गोष्टीचं पुस्तक

पेण, रोहा आणि आसपासच्या गावा-वाड्यांवर रेडिओ ऐकत बसलेल्या, किंवा खरं सांगायचं तर ऐकता ऐकता काहीतरी काम करत असलेल्या सगळ्या बायांना नमस्कार. तुमच्यातल्या निम्म्याजणींच्या हातात आत्ता लाटणं असणार, हे मला इथे बसून दिसतंय. आगोटीचे दिवस आहेत. मसाला कुटून झाला का? सुकट, बोंबील भरून झाले का? चालू द्या तुमचं. हात थांबवू नका, कारण आज मी त्या हातांविषयीच बोलणार आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि मग खरा विषय निघाला. आमच्यातली एकजण म्हणाली, "माझ्या मुलीची जूनपासून दहावी. मी टीव्हीचं रिचार्जच मारलं नाही या महिन्यात. गोष्टीची पुस्तकंसुद्धा माळ्यावर टाकली. आता वर्षभर फक्त अभ्यास." एक म्हणाली, बरं केलंस. दुसरी म्हणाली, अगं, शाळा सुरू व्हायला अजून महिना आहे, पाहू दे की पोरीला जरा. वाद एवढा रंगला की चहा निवून गेला. ती मुलगी उंबऱ्याशी उभी होती. सगळ्यांचं ऐकून ती एवढंच बोलली, "दादाच्या दहावीला टीव्ही बंद नव्हता."

मग कोणीच काही बोललं नाही.

मी घरी आले, पण तिचं वाक्य डोक्यातून जाईना. शाळा सुरू होण्याआधीचे हे चार-पाच आठवडे, त्यातली टीव्हीपुढची संध्याकाळ, भर दुपारी आडवं पडून वाचलेलं पुस्तक, ही चैन आपल्याकडे कोणाच्या वाट्याला आली आणि कधीपासून आली? याचाही इतिहास आहे. तो राजांच्या आणि लढायांच्या पुस्तकात सापडत नाही. थोडा छापील पुस्तकांत आहे, थोडा आपल्या ओटीवर आणि चुलीपुढे आहे. तोच आज सांगते.

सुरुवात आपल्या पेण तालुक्यापासूनच करू. गागोदे गाव तुम्हाला माहीत आहे. विनोबा भावे तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मले. पण मला आज विनोबांपेक्षा त्यांच्या आईविषयी, रुक्मिणीबाईंविषयी बोलायचं आहे. पुढे हे कुटुंब बडोद्याला गेलं. तिथे या माउलीला गीता समजून घ्यायची फार इच्छा होती. संस्कृत कळत नव्हतं, आणि मराठीत जे होतं तेही तिला अवघड वाटलं. तेव्हा तिने मुलालाच सुचवलं की तू मला समजेल अशी गीता मराठीत लिही. विनोबांनी ती लिहिली, तीच 'गीताई'. १९३० साली लिहायला घेतली, १९३१ साली पूर्ण झाली आणि १९३२ साली छापून आली. तिच्या लाखो प्रती घराघरांत गेल्या. पण रुक्मिणीबाई १९१८ सालीच, इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली होती त्या साथीत, वारल्या होत्या. एका बाईला वाचायचं होतं ते पुस्तक ती गेल्यानंतर चौदा वर्षांनी तयार झालं. गीताई पुष्कळांनी पाठ केली, पण त्यातली ही गोष्ट माझ्या मनाला जास्त लागते.

त्याच्याही आधी जाऊ. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. या कुलाबा जिल्ह्यात अलिबागला गोपाळराव जोशी नावाचे पोस्टातले कारकून काही काळ बदलीवर होते. त्यांची बायको म्हणजे आनंदीबाई, कल्याणची मुलगी, १८६५ सालचा जन्म, लग्न नवव्या वर्षी. गोपाळरावांनी हट्टाने तिला शिकवलं. पुढे १८८६ साली ती अमेरिकेत डॉक्टर झाली आणि १८८७ साली, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, गेली. आपण तिचं नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. पण तिच्या चरित्रात असंही येतं की अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात काही करताना दिसली तर नवरा मारायचा. इतर घरांत पुस्तक हातात दिसलं की मार, या घरात पळी हातात दिसली की मार. दोन्हीकडे तिला काय हवं आहे हे कोणी विचारलं नाही. वाचायचा आनंद ही गोष्टच अजून जन्माला यायची होती, असं मला वाटतं.

त्याच काळातल्या रमाबाई रानडे. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या. नवरा शिकवायला तयार, पण घरातल्या मोठ्या बायकांना सुनेने पाटी-पुस्तक घेणं आवडेना. टोमणे, अबोला, सगळं त्यांनी सोसलं आणि १९१० साली ते स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलं, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. हे नाव लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

मुलांनी मजेसाठी वाचावं असं काही मराठीत पुष्कळ उशिरा आलं. १९०६ साली वा. गो. आपटे यांनी 'आनंद' मासिक काढलं. १९३० साली किर्लोस्करांनी बायकांसाठी 'स्त्री' मासिक सुरू केलं. १९५२ साली मद्रासहून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला. १९७१ साली बालदिनाला, १४ नोव्हेंबरला, बालभारतीने 'किशोर' काढलं. आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात यातलं काय होतं? माझ्या घरात, रोहा तालुक्यातल्या आमच्या गावात, काहीच नव्हतं. पण मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी यायचे. माझा एक मामा गिरणीत होता. तो येताना शेजारच्या खोलीतल्या मुलांचे जुने 'चांदोबा' आणि 'किशोर' दोरीने बांधून आणायचा. कोणाचं मुखपृष्ठ फाटलेलं, कोणाचं शेवटचं पान नाही. शेवटचं पान नसलेल्या गोष्टींचा शेवट आम्ही स्वतः करायचो. माझा शेवट आणि माझ्या भावाचा शेवट कधी जुळला नाही.

आणखी एक पुस्तक मात्र सगळ्यांकडे असायचं, त्याला कोणी गोष्टीचं पुस्तक म्हणायचं नाही. पुढच्या इयत्तेचं मराठीचं पुस्तक! वरच्या वर्गातल्या मुलीकडून निम्म्या किमतीत घ्यायचं, तपकिरी कागदाचं कव्हर घालायचं, आणि शाळा सुरू व्हायच्या आत सगळे धडे वाचून टाकायचे. बालभारती १९६७ साली स्थापन झाली, तेव्हापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या मुलींचं पहिलं गोष्टीचं पुस्तक कोणतं, तर तेच. परीक्षा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, बाई विचारणार नाहीत. तोच धडा जूनमध्ये वर्गात घेतला की त्याची गंमत अर्धी होते. मेमध्ये तो आपला असतो.

इथे रोह्याचं एक नाव घ्यायला हवं. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, हे सगळ्यांना पाठ आहे. पण १९५७ साली सरकारने स्वस्तात चांगली पुस्तकं लोकांना मिळावीत म्हणून नॅशनल बुक ट्रस्ट काढलं, त्याचं मानद अध्यक्षपदही सुरुवातीच्या काळात या रोह्याच्या माणसाने सांभाळलं. आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख, म्हणजे रोह्याच्या सूनबाईच म्हणा ना! मूळच्या आंध्रच्या. घटना समितीत होत्या. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघालं, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा. या मंडळाने १९५८ साली शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी थोड्या मुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले. आपल्यातल्या किती जणींची शाळा सातवीत सुटली, हात वर करा. रेडिओवर मला दिसणार नाहीत, पण करा.

आता रेडिओ. रेडिओचं आणि बाईचं का जमलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. रेडिओ कानांवर भागवतो. हात मोकळे ठेवतो. दुपारी आकाशवाणी मुंबईवर 'वनिता मंडळ' लागायचं, ते ऐकत पेणमधल्या किती घरांत पोह्याचे पापड आणि मिरगुंडं लाटली गेली असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार? १९५५ साली पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं, छप्पन्न गाणी, वर्षभर, दर आठवड्याला. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत, असं माझी आजी सांगायची. मग मुंबई केंद्रावरचं 'पुन्हा प्रपंच' आलं. त्यातले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हे आमच्याच घरातले पाव्हणे असल्यासारखे आजी त्यांच्यावर रागवायची. चिडून पापड जास्तच पातळ लाटायची.

टीव्हीचं मात्र तसं नाही. टीव्ही डोळे मागतो. आणि पुस्तक तर डोळेही मागतं आणि हातही. आपल्या आजी-आयांच्या वाट्याला रेडिओ आला, टीव्ही अर्धामुर्धा आला आणि पुस्तक आलंच नाही, याचं कारण मला तरी हेच दिसतं. अक्षरओळख नसणं हे एक कारण आहेच. पण अक्षर येत असलेल्यांनाही दोन्ही हात मोकळे कधी मिळाले?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीच्या उंच मनोऱ्यावरून चित्र यायचं. पेणला ते बऱ्यापैकी दिसे. रोह्याकडे डोंगर आडवे, म्हणून उंच बांबूवर अँटेना बांधायची आणि मुंबईच्या दिशेने फिरवायची. एकजण कौलांवर, एकजण खिडकीत आणि एकजण टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं, आलं... गेलं." टीव्हीला आणि रेडिओला तेव्हा लायसन लागायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. गावात एखाद-दुसऱ्या घरात टीव्ही असायचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागायचं. चिं. वि. जोश्यांच्या पुस्तकातली माणसं, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. 'आमची माती आमची माणसं' पुरुष मंडळी बघायची. आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' कार्यक्रम होता, त्याचं मला कौतुक वाटतं. तो नुसता बघायचा नव्हता. त्यातून गावोगाव ज्ञानदीप मंडळं उभी राहिली, लोक एकत्र बसून बघायचे, बोलायचे, कामं करायचे. आपल्या आजच्या गटांसारखंच काहीसं.

मग १९८४ साली देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली, आणि त्याच वर्षी ७ जुलैला 'हम लोग' सुरू झालं. या मालिकेची जन्मकथा गमतीची आहे. तेव्हा नभोवाणी खातं सांभाळलेले आपले मराठी नेते वसंत साठे मेक्सिकोला जाऊन आले होते. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाच्या माणसाने १९७५ साली एक मालिका केली होती, तिच्या नावाचा अर्थ 'माझ्याबरोबर ये'. मोठ्या वयाची माणसं लिहा-वाचायला शिकतात, अशी गोष्ट. एका भागात सांगितलं की वाचायला शिकण्याच्या पुस्तिका अमुक ठिकाणी मिळतील, तर दुसऱ्या दिवशी हजारो माणसं तिथे लोटली आणि शहरातले रस्ते अडले. लाखो लोकांनी साक्षरता वर्गात नावं घातली. टीव्हीमुळे वाचन बुडतं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगते. 'हम लोग'चं थोडं वेगळं झालं. बायकांना पुढे न्यावं हा करणाऱ्यांचा हेतू होता. पण त्यातली सगळं मुकाट्याने सोसणारी आई भागवंती पुष्कळ बायकांना आदर्शच वाटली! दाखवणारा एक दाखवतो, बघणारी आपल्याला हवं ते घेते.

आता मी माझ्या मेकडे येते. मे १९८७. मी सातवी पास होऊन आठवीत जाणार होते. त्या जानेवारीत, २५ तारखेला, 'रामायण' सुरू झालं होतं. रविवारी सकाळी साडेनऊ. आमच्या आळीत एकाच घरात टीव्ही. साडेनऊला ओटी भरून जायची, पुढे मुलं, मागे पुरुष, दाराशी बायका. माझा भाऊ सगळ्यात पुढे बसायचा. मी अर्धा भाग दाराशी उभी राहून बघायचे, कारण हाक आली की पळायचं. मे महिन्यातला रविवार म्हणजे आगोटीचा रविवार. मिरच्यांची देठं काढायची, तांदळाचं पीठ वाळत घातलेलं, गवऱ्या आत घ्यायच्या, राब भाजून आलेल्या बापाला पाणी द्यायचं. माझी आई तर त्या ओटीवर कधी आलीच नाही. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. भाकऱ्या थापत तिने त्या भिंतीला कान लावून सगळं 'रामायण' ऐकलं. ३१ जुलै १९८८ ला ते संपलं तेव्हा तिला सगळी कथा तोंडपाठ होती, सीतेचा आवाज ओळखीचा होता, पण सीतेचा चेहरा तिने बघितला नव्हता. कॅलेंडरवर बघितला तेवढाच.

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मला माझाच राग आला होता, कारण पुष्पक विमान येतं तेव्हाच मला पाणी आणायला पाठवलं होतं.

असं कुठल्याही घरात बायकांनी टीव्ही बघायला सुरुवात केली ती कामासकट. नीट आठवा. निवडायचे तांदूळ, सोलायचे वाल, तोडायच्या शेवग्याच्या शेंगा, मोडायची पालेभाजी, असली बसून करायची कामं संध्याकाळच्या मालिकेच्या वेळेला सरकली. भाकरी टीव्हीपुढे थापता येत नाही, म्हणून ती आधी उरकायची. १९९९ साली 'अल्फा मराठी' आणि २००० साली 'ई टीव्ही मराठी' आल्या. 'आभाळमाया', मग 'चार दिवस सासूचे'. त्यानंतर आपल्या घरांचं वेळापत्रकच मालिकांनी ठरवलं. पुरुष हसले, वर्तमानपत्रांत विनोद आले की बायका मालिकांत वाहून गेल्या. अहो, दिवसभरात तासभर बूड टेकवायला पहिल्यांदा कारण मिळालं होतं! तेव्हा मालिका कशा होत्या हा प्रश्न वेगळा. वाईटच होत्या पुष्कळशा, भरजरी साड्या नेसून कट करणाऱ्या बायका. पण तो तास चांगला होता. आणि लोडशेडिंग त्याच तासाला का यायचं, हे एक कोडंच होतं.

मालिकेतून पुस्तकाकडे जाणारी वाट मी स्वतः पाहिली आहे. २०१२ साली 'झी मराठी'वर 'उंच माझा झोका' सुरू झाली. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं त्या रमाबाई रानड्यांची गोष्ट. छोटी रमा पाटीवर अक्षर गिरवते आणि घरातल्या बायका तिला बोलतात, हे बघताना आमच्या आळीतल्या आजीबाईंचे डोळे भरून यायचे. माझी मुलगी तेव्हा पाचवीत जाणार होती. मे महिनाभर आम्ही दोघी शेंगा सोलत ती मालिका बघितली. आणि एक दिवस ती म्हणाली, "आई, हे खरं घडलंय ना? मग ते लिहिलेलं कुठे असेल?" तालुक्याच्या वाचनालयात ते पुस्तक मिळालं. आमच्या घरात गोष्टीसाठी आणलेलं, अभ्यासाचं नसलेलं ते पहिलं पुस्तक. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, कितीतरी ठिकाणी अडायला झालं. पण तिला पुढे काय होणार ते माहीत होतं, म्हणून ती अडली तरी थांबली नाही. गोष्ट आधी माहीत असणं हे वाचणाऱ्याला किती बळ देतं, ते मला त्या दिवसांत कळलं. मालिकेत नसलेलं काही पुस्तकात सापडलं की ओरडत स्वयंपाकघरात यायची.

वाचनालयं आपल्याकडे आहेत. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हापासून अ, ब, क, ड अशा वर्गांत त्यांना अनुदान मिळतं. रोह्याचं भाटे वाचनालय, पेणचं महात्मा गांधी वाचनालय, ही नावं तुम्ही ऐकली असतील. प्रश्न तिथे पोहोचण्याचा आहे. खारेपाटातल्या गावातून पेणला मुलीला एकटी पाठवायची का, एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं, आणि "पुस्तक बदलायला" हे कारण घरात चालतं का? भावाला "जरा रोह्याला जाऊन येतो" एवढंही कारण पुरतं.

आणि ज्या मुलींना मे महिना सुट्टीचा नाहीच, त्यांना विसरून चालणार नाही. आपल्या कातकरी वाड्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. त्या मुली आल्या की थेट शाळेत, किंवा शाळेत नाहीच. पेण, हमरापूर, जोहे या भागात तर मे-जून म्हणजे गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची घाई. कितीतरी मुली सुट्टीत तिथे काम करून वह्या-दप्तराचे पैसे जमवतात. एका कानात मोबाईलची वायर, त्यात मालिका चालू, आणि हातात ब्रश. पुन्हा तेच बघा. कान करमणुकीला, डोळे नि हात कामाला. पन्नास वर्षांत यंत्र बदललं, बाकी काय बदललं?

२०२० सालचा मे कोण विसरेल? टाळेबंदी. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' परत दाखवायला सुरुवात केली, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. माझी आई तेव्हा सत्तरीची. मी तिला माझ्याकडे पेणला आणलं होतं. पहिल्या दिवशी ती सवयीने स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ऐकू लागली. मी तिला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. मोतीबिंदू काढलेले डोळे, जाड चष्मा. हातात काहीच काम नाही म्हणून ती अवघडून गेली, शेवटी मी लसणाच्या चार पाकळ्या सोलायला दिल्या तेव्हा कुठे नीट बसली. सीता दिसली तेव्हा म्हणाली, "ही एवढी लहान आहे होय?" तेहतीस वर्षं आवाजावरून तिने सीता मोठी बाई समजली होती.

त्या उन्हाळ्यात शाळा उघडणार नाहीत हे हळूहळू कळलं. पण आपल्या रायगडात त्याआधी आणखी एक गोष्ट घडली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कौलं, पत्रे उडाले, आंबा-सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब पडले. रोह्याकडे, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, तळा या भागांत कितीतरी गावं पुष्कळ दिवस अंधारात होती. आणि २० जुलैपासून 'सह्याद्री' वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं, घरी बसून शिकण्यासाठी. जो टीव्ही अभ्यासाच्या आड येतो म्हणून आपण बंद करायचो, तोच शाळा झाला! आमच्या आळीत वर्षानुवर्षं टीव्हीवरून ओरडा खाल्लेल्या मुलांना आता "बस टीव्हीपुढे" म्हणून ओरडा बसू लागला. पुण्याच्या 'बालचित्रवाणी'ने हेच काम १९८४ पासून केलं होतं, तेव्हा मात्र ते आपल्यातल्या फार थोड्यांपर्यंत पोहोचलं आणि पुढे ती संस्था बंदही झाली.

तर आता त्या उंबऱ्यातल्या मुलीकडे येऊ. दहावी आहे, अभ्यास हवा, हे मला मान्य. ज्या आईने रिचार्ज थांबवलं तिला मी नावं ठेवणार नाही. तिची स्वतःची शाळा आठवीत सुटली आहे, आणि मुलीची सुटू नये या एका ध्यासाने ती दोन घरची धुणी-भांडी करते. पण मी तिच्याकडे गेले आणि विचारलं, मुलगी टीव्ही बघत नाही त्या वेळात काय करते? अभ्यास? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही. पापड लाटते माझ्याबरोबर. आगोटीचं कोण करणार?" आणि दादाच्या दहावीच्या मेमध्ये पापड कोणी लाटले होते? तर तेही हिनेच.

ती आई हसली खरी, पण तिला लागलंही असावं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पुस्तकं खाली आली. एक 'किशोर'चा दिवाळी अंक, दोन भुताच्या गोष्टींची पुस्तकं, आणि ना. धों. ताम्हणकरांचं 'गोट्या', त्याच्यावर पूर्वी दूरदर्शनवर मालिका होती, तुम्हाला आठवत असेल. ज्यांच्याकडे पुस्तकं नाहीत त्यांच्यासाठी सांगते, बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक इंटरनेटवर फुकट ठेवलेत. कोणाही शाळेतल्या बाईंना विचारा, त्या मोबाईलवर काढून देतील.

आमच्या गटाने येत्या रविवारी पापड एकत्र करायचं ठरवलं आहे. लाटायला आम्ही अकराजणी आहोत. ती मुलगी लाटणार नाही, ती खाटेवर बसून आम्हाला रमाबाईंच्या 'आठवणी' वाचून दाखवणार. तिच्या दादाला अंगणात वाळवणावर कावळे राखायला बसवलंय. टीव्हीचं रिचार्ज अजून मारलेलं नाही, त्याची बोलणी चालू आहेत.